शंभराच्या नोटेच्या दोन बाजू

ऑस्ट्रेलियाची शंभर डॉलरची नोट हातात आली तर जरा उलटून बघा. एका बाजूला नेली मेल्बा, दुसऱ्या बाजूला जॉन मोनॅश. दोघंही मेलबर्नचे, आणि गेलेही १९३१ सालीच. त्या फेब्रुवारीत, ते ऑक्टोबरात.

मेल्बाबाई ऑपेराच्या गायिका. नावही मेलबर्नवरून घेतलेलं, मूळच्या त्या हेलन मिचेल. लंडन-पॅरिस गाजवलं, पण निरोपाचे कार्यक्रम इतके केले की त्याची थट्टाच झाली. अंत्यविधी झाला तो त्यांच्या कंत्राटदार वडिलांनी बांधलेल्या चर्चमध्ये.

मोनॅश पेशाने इंजिनिअर, पण पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याचे सेनापती. ४ जुलै १९१८ ला फ्रान्समधल्या हामेलची लढाई त्यांनी रणगाडे, तोफा, विमानं आणि पायदळ यांची सांगड घालून ९० मिनिटांत उरकायची ठरवली, लागली ९३. युद्धानंतर यालूर्नच्या ओलसर तपकिरी कोळशापासून व्हिक्टोरिया राज्याला वीज दिली. माझं मत विचाराल तर हे काम हामेलपेक्षा मोठं, फक्त त्याची गाणी कोणी गात नाही.

थडगी मात्र बघण्यासारखी. मेल्बांच्या थडग्यावर ‘ला बोएम’ या ऑपेरातल्या नायिकेचे, मिमीचे, निरोपाचे शब्द: येते, मनात राग नाही. मोनॅश यांच्या अंत्ययात्रेला लाखोंची गर्दी लोटली होती; दगडावर ना हुद्दा, ना पदकं. नुसतं ‘जॉन मोनॅश’.