नवी पेठेतलं चादरीचं दुकान: माल एक नंबर, इन्स्टा मुकं

मला दिसत नाही, फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या आवाजावर चालवतो. चादरीला पाच स्टार, हाताला लागली की कळतंय, जाड आणि घट्ट विणीची. राग आहे तो त्यांच्या इन्स्टावर. भाव, साइज, ऑफरची तारीख सगळं फोटोवरच छापलेलं आणि कॅप्शनमध्ये नुसते इमोजी, टॉकबॅक आपला वाचत बसतो आग, टाळ्या, परत आग, बायको म्हणली दुकान पेटलं की काय ओ!

शेवटी दुकानात जाऊन मालकाला म्हणलं, काका, पोस्ट टाकताना सेटिंगमध्ये ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे टॉकबॅकनं वाचायचं फोटोचं वर्णन, असतंय की, २०१८ पासून आहे, तिथं एवढंच लिवा, निळी चादर, मोराची नक्षी, डबल बेड. भाव कॅप्शनमध्ये टाका, डोळसांचा पण झूम करायचा ताप वाचतो. आणि रील्सना सबटायटल द्या, ऐकू न येणारं गिऱ्हाईक पण असतंय. काकांनी ऐकून घेतलं, चहा पण पाजला, पोरानं लगेच एक पोस्ट केली. घरी येऊन लावलं तर ऑल्ट टेक्स्टमध्ये काय, "चादर फोटो". हितं दोन स्टार कापले. परवापासून रंग तेवढे यायलेत, भाव अजून फोटोतच.