मीटर लावल्याशिवाय न बोलणारं गॅरेज

कोराडीच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये मी ३१ वर्षं काढली. तिथं न मोजता ‘हे गेलं, ते गेलं’ म्हणायची सोय नव्हती. म्हणून नागपुरातल्या हिंगणा रोडवरच्या या हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) गाड्यांच्या गॅरेजबद्दल लिहितोय.

मे महिन्यातली दुपार. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना माझ्या ९ वर्षं जुन्या हायब्रिडनं मान टाकली. डॅशबोर्डवर लाल त्रिकोण, ‘हायब्रिड सिस्टीम तपासा’, आणि ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी रांगतेय. सावलीत अर्धा तास उभी केली की पुन्हा नीट. एका वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला, बिघाडाचे कोड पुसले आणि बॅटरीची वीज मोटरला देणारा अख्खा इन्व्हर्टर बदलायचा १ लाख ८० हजारांचा अंदाज हातात ठेवला. तीन दिवसांनी अजनीजवळ पुन्हा तेच.

मग पुतण्यानं इथं पाठवलं. मेकॅनिक तिशीतला पोरगा. पहिलाच प्रश्न, “काका, कोड कोणी पुसले का?” एकदा पुसले, पण त्यानंतर बिघाड पुन्हा आलाय, म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. कोड येतो त्या क्षणीचा वेग, व्होल्टेज, तापमान गाडी स्वतः जपून ठेवते. कोड पुसला की ती नोंदही जाते.

आधी त्यानं साधी १२ व्होल्टची बॅटरी तपासली. ती कमजोर असली तरी कंट्रोलर भलतेच कोड दाखवतात. ती ठीक निघाली. स्कॅनरवर पी०ए९३ होता, म्हणजे इन्व्हर्टरच्या कूलिंगची तक्रार. जपलेल्या नोंदीत मोटरचं तापमान साधारण, इन्व्हर्टरचं मात्र चढलेलं. बोनेट उघडून त्यानं इन्व्हर्टरच्या कूलंटच्या डबीचं झाकण काढलं (ही इंजिनपेक्षा वेगळी असते) आणि गाडी ‘रेडी’वर (म्हणजे चालू) ठेवून मला आत पाहायला लावलं. पाणी संथ. एक तरंग नाही. “पंप बंद पडून राहिला काका, म्हणून इन्व्हर्टर तापून राहिला. तापला की तो स्वतःला वाचवायला ताकद कमी करते.” पंपाच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येत होते, पंप ढिम्म.

माझ्या मनात तरी शंका होतीच. इतके दिवस तापून आतलं काही जळलं असेल तर? तेही तपास म्हटलं. इथं त्यानं मला जिंकलं. अशा गाड्यांत बॅटरीचे दोनशे-अडीचशे व्होल्ट इन्व्हर्टरच्या आत ६५० पर्यंत चढवतात, आणि गाडी बंद केली तरी आतले वीज साठवणारे कपॅसिटर भरलेले राहतात. त्यानं १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घेतले, मनगटाकडून गुंडाळून हवा दाबून पाहिली, कुठं भोक नाही ना. मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला. घड्याळ लावून १० मिनिटं थांबला. मग मीटरनं शून्य व्होल्ट दिसल्यावरच जास्त व्होल्टच्या नारिंगी केबलींना हात लावला. आमच्याकडं कोराडीला लाइन क्लिअर परमिट, म्हणजे वीज बंद करून काम करायची लेखी परवानगी असायची, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. ती शिस्त गॅरेजमध्ये पाहून मला खरंच भरून आलं.

मोटरच्या केबली इन्व्हर्टरपासून सोडवून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, इन्सुलेशन उत्तम. तिन्ही फेजांचा रेझिस्टन्स मिलीओहम मीटरवर सारखा. इन्व्हर्टरच्या डायोडचे आकडेही तिन्ही फेजांवर जुळले. आकडे कागदावर लिहून दिले.

पंप मागवायला चार दिवस लागले. बसवल्यावर हवा काढायलाच त्यानं तासभर घेतला, कारण कूलंटमध्ये हवा राहिली तर पंप नवा असूनही हेच होतं. तपासणीचे १,५०० धरून एकूण ११,२०० रुपये.

तक्रारीही आहेत. बसायला जागा नाही, पत्र्याखाली नागपूरचं ऊन सोसवत नाही. फोन दुपारनंतरच उचलतात. पंप कधी येणार हे मलाच दोनदा विचारावं लागलं. ज्याला घाईत गाडी हवी त्याची इथं चिडचिड होईल.

जुना पंप मी मागून घेतला. घरी उघडला तर आतला रोटर जागीच जाम झालेला, बोटानं फिरवूनही हलत नव्हता. मे सरला, उड्डाणपूल रोज चढतोय. दर रविवारी डबीचं झाकण उघडून पाहतो, पाणी फिरतंय.