रायडर संघटनेचं सभासदत्व: स्टिकर फेकून द्या, हेल्पलाइन ठेवा

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे गेला ते पुढे येईलच.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे कुणाच्या नजरेतून वाचताय ते कळेल. मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करते. मागे हत्यारांची पेटी बांधून दिवसभर गाडीवर असते, पावसातही. सुट्टीच्या दिवशी घोळका करून फिरायला जायची मला अजिबात हौस नाही. सारखी जॅकेटं, एका रांगेतले फोटो, चहाच्या टपरीवर इंजिनांची तुलना, यातलं काही मला नको होतं. मोटरसायकलवाल्यांच्या हक्कांसाठी भांडणारी संघटना आहे, सभासद हो, असं सहकारी मागे लागला तेव्हा मी विचारलं, ‘मला यातून मिळणार काय?’ त्याला धड सांगता आलं नाही. वापरून पाहिल्यावर मीच सांगते.

वर्गणी भरली की चार गोष्टी मिळतात. कार्ड, टाकीवर लावायचा स्टिकर, दर महिन्याचं वार्तापत्र आणि कायदेशीर सल्ल्याची हेल्पलाइन. कार्ड कुणी विचारत नाही. स्टिकर लावू नका, काढताना रंगावर डिंक राहतो. उरलेल्या दोन गोष्टींसाठीच पैसे भरायचे.

हेल्पलाइनची गरज मला लवकरच पडली. सिग्नलला गाड्यांची रांग थांबलेली, मी मधून सावकाश पुढे येत होते, आणि एका गाडीचं दार उघडलं. मनगट मुरगळलं, हँडल वाकलं. विमा कंपनीने पत्र पाठवलं की रांगेच्या मधून जात होतात, तेव्हा निम्मी चूक तुमची. मी सही करणारच होते. हेल्पलाइनवरच्या माणसाने आधी प्रश्न विचारले: गाड्या थांबलेल्या होत्या की सरकत होत्या? तुमचा वेग किती? दार उघडणाऱ्याने आरशात पाहिल्याचं कुणी म्हणतंय का? मग कंपनीला काय लिहायचं ते त्याने वाक्यावाक्याने सांगितलं. थांबलेल्या रांगेतून हळू पुढे जाणं वेगळं आणि पळत्या गाड्यांच्या फटीत घुसणं वेगळं, हा त्याचा मुख्य मुद्दा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने २०१४ मध्ये पहिल्या प्रकाराला परवानगी दिली, पण वेगाची मर्यादा घातली ताशी ३० किलोमीटर. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये गाड्यांच्या मधून जाण्याची व्याख्याच कायद्यात घातली. यातलं काही माझ्या प्रकरणाला थेट लागू नव्हतं, हेही त्यानेच सांगितलं. मला ते आवडलं. खोटी आशा दाखवणारा सल्लागार मी पहिल्याच फोनला सोडला असता. शेवटी माझ्या माथी मारलेली चूक निम्म्यावरून पाव झाली. वर्गणी तिथेच वसूल झाली.

आता वार्तापत्र. छपाई यथातथा, मुखपृष्ठावर नेहमी कुठल्यातरी रॅलीचा फोटो. तो उलटा आणि मागच्या पानांवर जा. रस्ते खात्याने काढलेल्या मसुद्यांवर संघटनेने पाठवलेल्या हरकती-सूचना तिथे बारीक टायपात छापतात. सगळ्या संघटनेत बहुधा चार-पाच माणसंच हे काम करत असावीत. वळणावर मॅनहोलचं झाकण नको. पांढऱ्या पट्ट्यांच्या रंगाला ओल्यात पकड हवी. भेगा बुजवायला डांबराच्या चकचकीत रेघा ओढू नका, टायर तिथे सरकतो. आमच्या धंद्यात लिफ्टचं दार किती मिलिमीटर उघडं राहिलेलं चालतं यावर लोक तासन् तास बोलतात, म्हणून असेल, मला हे वाचताना कंटाळा येत नाही.

यातलं सगळ्यात भक्कम काम रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यांवरचं. कठड्याची आडवी पट्टी गाडीच्या बंपरच्या उंचीला असते, कारण तो चारचाकी अडवायलाच बनवलेला. मोटरसायकलवाला पडतो तेव्हा जमिनीलगत घसरत जातो. पट्टीच्या खाली मोकळी जागा, आणि तिथे खांब उभे. युरोपात पाच देशांतल्या ९२१ अपघातांचा तपशीलवार अभ्यास झाला होता, ‘मेड्स’ नावाने तो ओळखला जातो. त्याचा निष्कर्ष असा की कठड्यावर आदळण्याचे प्रसंग थोडे, पण आदळलं तर पाय, मणका आणि डोकं यांना गंभीर इजा. त्याच अभ्यासात साधारण निम्म्या अपघातांचं मूळ कारण समोरच्या वाहनाच्या चालकाची चूक निघालं. ‘दिसलाच नाही हो’ हे वाक्य ऐकलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

उपाय काही अवघड नाही. खांब झाकले जातील अशी दुसरी पट्टी खाली लावायची. युरोपात तिच्या चाचणीची तांत्रिक पद्धत २०१२ मध्ये आली: माणसाच्या वजनाचा बाहुला ताशी ६० किंवा ७० किलोमीटरने घसरवत कठड्यावर सोडायचा आणि डोक्या-मानेवर किती जोर येतो ते मोजायचं. संघटनेने ही मागणी सरसकट केली नाही, हे मला विशेष वाटलं. फक्त तीव्र वळणांची बाहेरची बाजू मागितली, वळणांची यादी जोडली आणि प्रत्येकाची लांबी लिहिली. खर्चाचं कारण सांगून टाळायला जागाच ठेवली नाही. मी रोज जाते त्या एका वळणावर खालची पट्टी लागली आहे. श्रेय कुणाचं ते मी सांगू शकत नाही, पट्टी आहे एवढं खरं.

वार्तापत्रात जगभरच्या चळवळींवर एक लेखमाला आली, तीही चांगली. फ्रान्समधला भाग मला सगळ्यात पटला. तिथल्या संतापलेल्या मोटरसायकलवाल्यांनी १९८० मध्ये महासंघ काढला आणि १९८३ मध्ये स्वतःची विमा संस्थाच उभी केली, सभासदांच्या मालकीची. ती आजही चालू आहे. हप्ता महाग म्हणून ओरडत बसण्यापेक्षा हे कितीतरी पुढचं. न्यूझीलंडमध्ये २००९ साली अपघात भरपाई योजनेची आकारणी मोठ्या मोटरसायकलींसाठी जवळजवळ तिप्पट करायचा प्रस्ताव आला, तेव्हा हजारो जण गाड्या घेऊन वेलिंग्टनला संसदेसमोर गेले. वाढ झालीच, पण प्रस्तावाहून कमी. सोबत दर मोटरसायकलीमागे ३० डॉलरचा सुरक्षा निधी सुरू झाला. म्हणजे रॅलीचा उपयोग होतो, मागणीत आकडा असेल तर.

हेल्मेटच्या भागावर मात्र माझं आणि संपादकांचं जमलं नाही. ब्रिटनमध्ये जून १९७३ पासून हेल्मेट सक्तीचं झालं आणि त्याच वर्षी तिथला मोटरसायकल अ‍ॅक्शन ग्रुप जन्माला आला. फ्रेड हिल नावाचे निवृत्त शिक्षक हेल्मेट घालत नसत, दंडही भरत नसत. पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले आणि १९८४ मध्ये कैदेत असतानाच वारले. लेखात त्यांना हुतात्मा म्हटलंय. त्यांच्या हट्टाला मी मान देते, मुद्द्याला नाही. अमेरिकेत केंद्र सरकारने १९६६ मध्ये राज्यांवर हेल्मेट कायद्यासाठी निधीचा दबाव आणला, रायडर संघटनांनी झुंज देऊन १९७६ मध्ये तो काढायला लावला. संघटना म्हणून तो केवढा विजय! पण जिथे सक्ती उठली तिथे मृत्यू वाढले, हे एकदा नाही, अनेकदा मोजलं गेलंय. एवढी ताकद कठड्यांवर लावली असती तर, असं मला राहून राहून वाटतं. (हो, मी दिवसभर कामावरही हेल्मेट घालते. माझं मत कुठून आलं ते उघड आहे.)

आता कापलेले तारे.

अर्धा तारा कारभाराचा. बाराभाईचा कारभार आहे. पत्त्यातला बदल कळवला तर वार्तापत्र तीन महिने जुन्याच पत्त्यावर. सभा नेहमी संध्याकाळी, माझी लिफ्टची बोलावणी नेमकी तेव्हाच. कार्यकारिणीत एकही बाई नाही. सभासदांना सवलतीत मिळणाऱ्या जॅकेटमध्ये माझ्या मापाचं एकही नाही, आणि विचारलं तर ‘मिडियम घेऊन बघा ना ताई’ हे उत्तर.

पूर्ण तारा कापलाय तो सायलेन्सरसाठी. कानठळ्या बसवणारे बदललेले सायलेन्सर या विषयावर संघटना एक अक्षर बोलत नाही, कारण वर्गणीदारांतले बरेच जण तेच लावून फिरतात. मी लेखी विचारलं, ‘हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न’ असं उत्तर आलं. आवडीचा? ऑस्ट्रियातल्या टायरोलने २०२० मध्ये काही रस्ते उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलपेक्षा जास्त भरतो अशा मोटरसायकलींना उन्हाळ्यापुरते बंद केले. आकडा धरला तो गाडीच्या कागदपत्रांवरचा. त्यामुळे काहीही न बदललेल्या, कारखान्यातून जशा आल्या तशा गाड्याही अडकल्या. गावकरी वर्षानुवर्षं आवाजाने त्रासले होते, त्यांचं ऐकायला आधीच कुणी बसलं असतं तर कदाचित हे टळलं असतं. गल्लीतली म्हातारी माणसं रात्री दचकून उठतात तेव्हा शिव्या सगळ्याच मोटरसायकलवाल्यांना पडतात, मलाही. आपल्यातल्यांना दोन शब्द सुनवायची हिंमत नसेल, तर रस्ते खात्यापुढे यांच्या पत्राला वजन किती राहणार?

रोज कामासाठी गाडी चालवत असाल, तर घ्या. डिलिव्हरीवाल्यांनी तर नक्की घ्या, हेल्पलाइन रात्रीही उचलतात. सोबत फिरायला मित्र हवे असतील तर क्लब बघा, इथे निराशा होईल.

आणि घेतलंत तर एक करा. अर्जाच्या शेवटी ‘वर्गणी कोणत्या कामासाठी’ असा रकाना आहे, बहुतेकांना तो दिसतच नाही. कोरा सोडला की पैसे सर्वसाधारण खात्यात जातात, म्हणजे झेंडे, मांडव आणि स्पीकरचं भाडं. तिथे ‘रस्ते रचना समिती’ असं स्वच्छ अक्षरात लिहा आणि पावतीवर तेच आलंय का ते तपासा. माझ्या पहिल्या पावतीवर आलं नव्हतं, फोन करून बदलून घ्यावं लागलं.