कानात घट्ट बसणारे की नुसते टेकणारे?

पाचशे-हजारात वायरचे इअरफोन घ्यायचे तर आधी कंपनी नको, घडण बघा.

रबरी टोपीवाले कानाची वाट बंद करतात. त्यामुळे पुण्यातल्या पीएमपीएमएलच्या बसमध्ये गोंगाट कमी होतो आणि आवाज बेताचा ठेवूनही डग्गा भरदार ऐकू येतो. पण टोपी मापाची हवी. जरा सैल असली की बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, गेलाच. खोक्यात सहसा वेगवेगळ्या मापांच्या टोप्या येतात, त्या सगळ्या लावून बघा. दोन कानांना दोन मापंही लागू शकतात. चालताना वायर कपड्याला घासल्याची खरखर थेट कानात येते. वायर कानामागून फिरवली की ती बरीच कमी होते.

बिनटोपीचे कानाच्या खळग्यात नुसते टेकतात, म्हणून तासन्‌तास घालता येतात. बास पातळ, पण गाणं मोकळं वाटतं. घरी मला हेच आवडतात. गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्यावर मात्र आवाज वाढवत जावं लागतं, आणि ते कानांना वाईट.

रोज बसने जाणाऱ्यांनी टोपीवालेच घ्यावेत. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाण्याआधी फोनला ३.५ मिमीचा जॅक आहे की फक्त टाइप-सी, तेवढं बघून घ्या.