ओरॅकलचा तिमाही पॅच: चालू होममध्ये की नव्या होममध्ये?

नाशिकच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरकडच्या एखाद्या कारखान्याचं ईआरपी (खरेदी, उत्पादन, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवरच्या ओरॅकल १९सी डेटाबेसवर चालतंय, सर्व्हर एकच आहे आणि डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) पूर्णवेळ नाही, असं धरून हे लिहितोय. आरएसी क्लस्टर (एकच डेटाबेस मिळून चालवणारे अनेक सर्व्हर) असेल तर एकेक नोड थांबवून काम उरकता येतं. मग एवढी चिंता नको.

ओरॅकलचे सुरक्षा पॅच जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येतात. दर वेळी प्रश्न तोच: चालू ओरॅकल होममध्येच (ओरॅकलचं सॉफ्टवेअर बसवलेल्या फोल्डरमध्ये) रिलीज अपडेट (तिमाही पॅचचा संच) लावायचं, की शेजारी नवं होम उभारून डेटाबेस तिकडे न्यायचा?

चालू होममध्ये लावणं सवयीचं आहे. पाथ बदलत नाहीत, डिस्क फारशी लागत नाही. आधी ओपॅच या पॅच लावणाऱ्या साधनाची आवृत्ती नवी करा, जुन्या वन-ऑफ (एकेका बगसाठी लावलेल्या) पॅचशी भांडण नाही ना ते तपासा, होमचा टार बॅकअप (एका फाइलीत गुंडाळलेली प्रत) घ्या आणि सुरू करा. पण ओपॅच फाइली बदलून रिलिंक करेपर्यंत (प्रोग्राम पुन्हा जोडून घेईपर्यंत) डेटाबेस आणि लिसनर (बाहेरून येणारी कनेक्शन घेणारा प्रोग्राम) दोन्ही बंद. मध्येच अडकलं तर होम अर्धवट राहतं. टार उलगडायचा की पॅच दुरुस्त करायचा, हे पहिली पाळी यायच्या आत ठरवावं लागतं.

नव्या होममध्ये सगळी जड कामं डेटाबेस चालू असतानाच होतात. इन्स्टॉलरला रिलीज अपडेटचा फोल्डर दाखवला की होम पॅचसकटच तयार होतं. दुपारी निवांत करा, चुकलं तर पुसून पुन्हा करा. रात्री फक्त डेटाबेस थांबवायचा, नव्या होममधून उठवायचा आणि डेटापॅच (पॅचमधले एसक्यूएलचे बदल डेटाबेसमध्ये करणारं साधन) चालवायचा. डेटापॅचचा वेळ मात्र दोन्हीकडे सारखाच; तो या पद्धतीने वाचत नाही. परतायचं झालं तर जुनं होम जसंच्या तसं उभं असतं. डेटाबेस त्यातून उठवून तिथूनच डेटापॅच चालवा, म्हणजे एसक्यूएलचे बदलही मागे जातात.

या पद्धतीत घात होतो तो मागे राहून गेलेल्या गोष्टींमुळे. टीएनएसनेम्स, लिसनर आणि एसक्यूएलनेट या नेटवर्क सेटिंगच्या फाइली, पासवर्ड फाइल, एसपीफाइल (डेटाबेसची सेटिंग्ज), ओराटॅबमधली (कुठला डेटाबेस कुठल्या होममधून चालतो त्या यादीतली) ओळ, ओरॅकल युजरच्या प्रोफाइलमधला पाथ हे सहसा आठवतं. विसरतात ते क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्ट आणि टेपवर बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरची आरमॅनला (ओरॅकलच्या बॅकअप साधनाला) जोडलेली लायब्ररी. सकाळी ईआरपी छान चालतं आणि रात्रीचा बॅकअप गुपचूप फसतो. क्रॉनटॅबमध्ये जुना पाथ शोधायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्या.

माझा कौल नव्या होमला. डिस्कवर पंधरा-वीस जीबी मोकळी नसेल तर आधी ती मिळवा. डिस्क स्वस्त आहे, बंद पडलेली पाळी नाही. डेटा गार्डचा स्टँडबाय (मूळ म्हणजे प्रायमरी डेटाबेसची सतत अद्ययावत राहणारी राखीव प्रत) असेल तर आधी तो पॅच करा, स्विचओव्हर करून (दोघांच्या भूमिका बदलून) मग जुना प्रायमरी. दोन्ही झाल्यावर डेटापॅच.

लिनक्सचे पॅच त्याच रात्री उरकायचा मोह होतो, एकच डाउनटाइम म्हणून. मी करणार नाही. डेटाबेस उठला नाही तर दोष कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा), ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीचा की ओरॅकलचा, हे शोधण्यातच रात्र जाते. ओरॅकल लिनक्सवर केस्प्लाइस आणि रेड हॅटवर केपॅच कर्नलची बरीच भोकं रीबूट न करता बुजवतात, पण डेटाबेसच्या बायनरीला ते हात लावत नाहीत.

तारखेचं म्हणाल तर ऑक्टोबरचा पॅच दिवाळीच्या बंदमध्ये लावायची पद्धत आहे. कारखाना बंद असतो हे खरं, पण सपोर्टवाला इंजिनिअरही गावी गेलेला असतो. सुट्टी लागायच्या आधीच्या साप्ताहिक सुट्टीला लावलेलं बरं. २०२७ च्या सिंहस्थात पर्वण्यांच्या दिवसांत पुण्या-मुंबईहून कुणी लगेच पोचेल ही आशाच सोडा. जुलैचा पॅच त्याआधी लावून टाका.

आणि जुनं होम लगेच उडवू नका. महिनाअखेरीचं क्लोजिंग नव्या होमवर एकदा सुखरूप पार पडू द्या, मग डिइन्स्टॉल करून जागा मोकळी करा.