उपक्रम नियोजनाची छापील वही : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी ही वही भरत बसले होते आणि माझ्यापासून दोन हातांवर बसलेल्या पावणेतीन वर्षांच्या मुलाने वाटाणा नाकात घातला. हरभरे, राजमा आणि वाटाणे इडलीपात्राच्या खणांत वेगवेगळे लावण्याचा उपक्रम चालू होता आणि त्याच वेळी मी ‘उद्दिष्ट’ या रकान्यात ‘वर्गीकरण, बोटांच्या स्नायूंचा विकास, एकाग्रता’ असे लिहीत होते. वाटाणा डॉक्टरांनी काढला, मूल तासाभरात पुन्हा खेळू लागले आणि त्याची आई मला एका शब्दानेही बोलली नाही. चूक माझीच होती. कडधान्य हाताळणाऱ्या एवढ्या लहान मुलावरून नजर हलवायची नसते, हे अकरा वर्षे पाळणाघर चालवणाऱ्या मला कोणी सांगायला नको. पण ती नजर कशासाठी हलली, याचा विचार केल्यावर या वहीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटले.

डोंबिवलीत माझ्या राहत्या घरी दीड ते पाच वर्षांची सहा मुले असतात आणि मदतीला एक मावशी येतात. ‘आज मुलांना काय शिकवले?’ असे पालक वारंवार विचारू लागले, म्हणून जूनमध्ये 450 रुपये देऊन मी ही 52 आठवड्यांची वही आणली. तिच्या पानांवर उपक्रमाचे साहित्य, उद्दिष्ट आणि निरीक्षण लिहिण्यासाठी छापील रकाने आहेत. माझी तक्रार एकाच रकान्याविषयी आहे. ‘उद्दिष्ट’ हा रकाना 7 सेंटीमीटर रुंद आहे आणि ‘निरीक्षण’ हा जेमतेम 2 सेंटीमीटर. मी पट्टी लावून मोजले आहे. त्या दोन सेंटीमीटरमध्ये ‘छान’ किंवा ‘केले’ यापलीकडे काही मावत नाही. त्याच कडधान्याच्या खेळात एका मुलीने वर्गीकरण केलेच नाही. मोठा राजमा म्हणजे बाबा, हरभरा म्हणजे आई आणि वाटाणा म्हणजे बाळ असे घर मांडून तिने बाळाला खणात झोपवले आणि ‘गप्प बसा, ते झोपलंय’ असे आम्हा सर्वांना बजावले. सहसा दोन शब्दांपुढे न जाणाऱ्या मुलीचे ते वाक्य होते. वहीच्या हिशेबात मात्र उपक्रम अपूर्ण राहिला.

पहिले तीन महिने वही मला मनापासून आवडली होती, हेही सांगितले पाहिजे. रविवारी ‘साहित्य’ हा रकाना भरून ठेवला की सोमवारी सकाळी रद्दी, खळ, बाटल्यांची झाकणे यांची शोधाशोध होत नसे आणि मी बँकेत गेले तरी पुढे काय काढायचे हे मावशींना कळत असे. पावसामुळे मुलांना खाली नेता आले नाही, तर पर्यायी खेळ तयार असे. दिवाळीपर्यंत मात्र माझ्या लक्षात आले की, मुले घरी गेल्यावर रोज तास-दीड तास बसून मी तीच आठ-दहा उद्दिष्टे आलटून पालटून उतरवत आहे. त्या लिखाणाने दुसऱ्या दिवशीच्या माझ्या वागण्यात काहीही फरक पडत नव्हता.

वही बंद करावी असे वाटत असतानाच नोव्हेंबरमध्ये माझे मत पुन्हा बदलले. चार वर्षांचा एक मुलगा ऐकत नाही, हट्टी आहे, असे आम्ही सगळेच म्हणत होतो. पण ‘डावीकडून हाक मारली, वळला नाही’ अशी नोंद मी दोन आठवड्यांत चार वेळा तारखेसह केली होती. त्या तारखा दाखवल्यावर पालकांनी त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले, तेव्हा डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठल्याचे निघाले. या अनुभवाने मी इतकी भारावले की पुढचे चार महिने प्रत्येक रकाना काटेकोरपणे, प्रसंगी मुले समोर खेळत असतानाही, भरत राहिले. कामी आलेली ती नोंद कोणत्याही रकान्यात नव्हती, मी ती पानाच्या समासात केली होती, हे मला वाटाण्याच्या प्रसंगानंतर उमगले.

उद्दिष्टे आपण घरी बसून नव्याने रचण्याची गरज मला आता वाटत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2024 मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ हे आराखडे आणले. ते प्रामुख्याने अंगणवाडीसाठी असले, तरी वयानुसार कोणते खेळ घ्यावेत हे त्यांत तयार मिळते. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये नोंदणीकृत चाइल्डमाइंडर, म्हणजे माझ्यासारखीच घरी मुले सांभाळणारी, आहे. तिथे जानेवारी 2024 पासून चाइल्डमाइंडरसाठी स्वतंत्र आराखडा लागू आहे आणि मुलांच्या प्रगतीकडे लक्ष ठेवताना कागदपत्रांचा बोजा वाढू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मूल दोन ते तीन वर्षांचे असताना त्याच्या प्रगतीचा थोडक्यात लेखी आढावा पालकांना द्यावा लागतो. म्हणजे तिथेही लेखी मागितला जातो तो मुलाविषयीचा आढावा.

गेल्या आठवड्यापासून मी दोनच गोष्टी लिहिते. रविवारी आठवड्याचे साहित्य आणि मावशींसाठी सूचना अर्ध्या पानात, आणि दुपारी मुले झोपल्यावर दोन-तीन मुलांविषयी दिवसभरात जे दिसले त्याची तारखेसह एकेक ओळ. पालकांच्या प्रश्नालाही त्याच ओळींतून उत्तर देते. राजमाच्या बाबांची गोष्ट ऐकून त्या मुलीची आई पंधरा मिनिटे दारात बोलत उभी राहिली; ‘वर्गीकरण’ हा शब्द वाचून आजवर कोणी थांबले नव्हते.

एवढ्या लिखाणाला साठ रुपयांची दोनशे पानी वही वर्षभर पुरेल, म्हणून जूनमध्ये ही वही मी पुन्हा घेणार नाही. घरात पाच-सहा मुले सांभाळणाऱ्या कोणी ती घ्यावी, असेही मी सुचवणार नाही. मात्र 450 रुपये दिलेले असल्यामुळे उरलेली तेरा आठवड्यांची पाने वाया घालवायची नाहीत. त्या प्रत्येक पानावर ‘उद्दिष्ट’ हे शीर्षक खोडून मी तिथे ‘निरीक्षण’ असे लिहून ठेवले आहे.