सीएसएमटीचं यार्ड एन स्केलमध्ये: एक्सट्रॅककॅड काही महिने वापरल्यावर

मोठ्या टर्मिनसचं मॉडेल म्हटलं की आपण आधी फलाट मोजतो. सीएसएमटीचे १८. त्यातले १ ते ७ लोकलचे, आणि त्यातही पहिले दोन हार्बरचे. पण मॉडेलची जागा खातो आणि खरी मजा देतो तो फलाटांच्या तोंडाशी असलेला सांध्यांचा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडांचा, गुंता. तो कागदावर नीट उतरावा म्हणून मी एक्सट्रॅककॅड हे मॉडेल रेल्वेचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि गेले काही महिने मुलुंडच्या घरी रात्री जेवणं झाली की तेच उघडून बसतो.

ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि रुळांचे कितीही तुकडे मांडा, अडवत नाही. एनीरेल या तशाच सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती ५० तुकड्यांवर थांबते. साध्या गोल लेआउटला तेवढे पुरतात, सीएसएमटीच्या तोंडाला अजिबात नाही.

सर्वांत उपयोगी पडली ती मागे चित्र ठेवण्याची सोय. ओपनरेलवेमॅप या इंटरनेटवरच्या रेल्वे नकाशावर रूळ वेगवेगळे काढलेले दिसतात. तो नकाशा पडद्यावरून उचलायचा, मागे ठेवायचा, रुंदी एन स्केलच्या (१:१६०) हिशेबाने भरायची आणि वरून रूळ ओढत जायचे. उपग्रहचित्र जोडीला लागतंच, पण छपरांखालचं त्यात काहीच दिसत नाही. तिथे रोजचा प्रवास कामी येतो. सँडहर्स्ट रोड सोडल्यावर खिडकीशी उभं राहून गाडी कुठल्या रुळावरून कुठे वळते ते बघायचं आणि घरी आल्यावर नकाशाशी ताडायचं. मला हा भाग फार आवडतो. वर्षानुवर्षं ज्या रुळांवरून गेलो ते पहिल्यांदा दिसायला लागतात.

कुठल्या वर्षाचं यार्ड दाखवायचं ते मात्र आधी ठरवा. फलाटांची लांबी वाढत गेली आहे, आणि सीएसएमटी आणि मशीद स्थानकांमधला रुळांवरचा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला. मी जुना पूल ठेवला आहे, कारण मॉडेलचं टोक लपवायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. गाडी पुलाखाली गेली की नजरेआड.

आता लांबी. २४ मीटरचे २२ एलएचबी डबे आणि एक इंजिन म्हणजे साधारण ५५० मीटर. एचओ या मोठ्या स्केलमध्ये (१:८७) ते सव्वासहा मीटर होतात, १:१६० मध्ये साडेतीनच्या जवळ. मुंबईच्या घरात हे दोन्ही विसरा. बारा डब्यांची लोकल मात्र एन स्केलमध्ये साधारण १.६ मीटरमध्ये मावते. म्हणून मी लांबच्या गाड्यांचे फलाट सोडून फक्त १ ते ७ घेतले. आपल्या १६७६ मिमी ब्रॉडगेजचे १:१६० मध्ये साडेदहा मिमी होतात, तयार रूळ मिळतो ९ मिमीचा. रूळ थोडे अरुंद दिसतात. सांधे हाताने घडवायची तयारी नसेल तर हे स्वीकारावं.

सातही फलाट जमणार नसतील तर मिनरीज बघा. सिरिल फ्रीझर यांनी १९५७ साली ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकात दिलेला हा तीन फलाटांचा शहरी टर्मिनसचा आराखडा. क्रॉसओव्हर, म्हणजे शेजारच्या रुळावर जायचे जोडरूळ, अशा बेताने मांडले आहेत की येणारी गाडी कुठल्याही फलाटावर लागते, कुठल्याही फलाटावरून सुटू शकते, आणि डब्यांना उलटसुलट वळणाचा झटका कमीत कमी बसतो. मुळात तो वाफेच्या इंजिनांसाठी होता, त्यामुळे आलेली गाडी परत न्यायला दुसऱ्या टोकाला दुसरं इंजिन लावावं लागे. आपल्या लोकलला तीही गरज नाही, मोटरमन टोक बदलतो आणि गाडी निघते. एक फलाट वाढवलात की चर्चगेटसारखे चार होतात. तिथे नुसत्या लोकलच, त्यामुळे लहान खोलीसाठी मी सीएसएमटीच्या आधी चर्चगेटच सुचवेन.

आराखडा खरा की नुसता देखणा, हे मी एकाच प्रश्नाने तपासतो: एक लोकल आत येत असताना दुसरी त्याच वेळी सुटू शकते का? प्रत्येक मार्गाला वेगळा थर आणि वेगळा रंग दिला की रंग कुठे एकमेकांना छेदतात ते लगेच कळतं. इंटरनेटवरचे बरेच ‘भव्य टर्मिनस’ इथेच आपटतात. आठ फलाट, आणि सगळ्यांचा जीव एका डबल स्लिपमध्ये, म्हणजे दोन रूळ छेदतात तिथल्या दुहेरी सांध्यात! एक्सट्रॅककॅडमध्ये गाडी चालवूनही बघता येते, सांध्यावर क्लिक केलं की तो फिरतो. ही चाचणी झाल्याशिवाय रूळ विकत घेऊ नका.

शिकायला वेळ लागतो, हे खरं. आज्ञांची रचना जुन्या धाटणीची आहे आणि पहिले काही दिवस फ्लेक्सरूळ (वाकवता येणारा रूळ) हवा तसा वळत नाही. दोन रूळ जोडताना वळण आपोआप हळूहळू घट्ट होत जाण्याची सोय हाताला लागली की मग चित्र पालटतं. चढ-उतारही भरता येतात. मशीद स्थानकानंतर हार्बर वर चढून सँडहर्स्ट रोडच्या वरच्या फलाटांवर जाते, तो चढ किती तीव्र होईल हे मला लाकूड कापण्याआधीच कळलं.

छपाई १:१ मध्ये, म्हणजे मॉडेलच्याच आकारात करा. ए४ कागद एकमेकांना चिकटवून टेबलावर अंथरा आणि त्यावर मॉडेलची खरी गाडी ठेवून बघा. वळणावर शेजारच्या रुळावरचा डबा घासतो का, हे पडद्यावरून कळत नाही. माझ्याकडे सध्या ३ ते ७ अंथरलेत, हार्बरची बाजू अजून काढायची आहे.